स्वच्छ हात

माझे हात स्वच्छ आहेत, याविषयीं मला आयुष्यांत कधीं शंका आली नव्हती. तीस वर्षें वर्गांत खडू हाताळला. पण खडू हा प्रामाणिक प्राणी आहे, तो लागला कीं दिसतो आणि धुतला कीं जातो. गेल्या महिन्यांत एका रविवारीं मात्र माझ्या भाचीनें माझी ही समजूत आमच्याच स्वयंपाकघरांत धुळीस मिळविली.

ती एका रुग्णालयाच्या औषधविभागांत आहे. कर्करोगावरील औषधें कुप्यांतून काढून सलाईनच्या पिशव्यांत भरणें हें तिचें नित्याचें काम. तेथें हीं औषधें हाताळण्याचें एक नवें, बंद जोडाचें साधन घ्यावें कीं नाहीं याचा विचार चालला होता, आणि आधीं त्याची परीक्षा व्हावी असा तिचा आग्रह होता. त्या परीक्षेची तालीम तिनें मामाच्या घरीं करावयाची ठरविली. कुपींत औषध नव्हतें. फ्लुओरेसीन नांवाचा रंग कालविलेलें पाणी होतें. अतिनील दिव्याखालीं हा रंग हिरवट चमकतो.

"मामा, आधीं साध्या सुईनें तुम्ही करून पाहा," ती म्हणाली.

मीं मोठ्या डौलानें सिरिंज उचलली. रबरी बुचांतून सुई खुपसून कुपींत थोडें पाणी सोडलें, मग द्रव ओढून घेतला आणि सुई बाहेर काढली. मेजावर एक थेंबही दिसत नव्हता. "झालें! यांत परीक्षा कसली?" असें म्हणून मी चहाच्या कपाकडे वळलों. इतक्यांत तिनें खोलींतला दिवा मालवून आपला दिवा लावला. माझ्या आंगठ्यावर हिरवे ठिपके होते, मेजाच्या कडेला होते, आणि कपाच्या कानावरही एक होता. तिनें न बोलतां कप दूर सरकविला.

कारण अगदीं साधें होतें. बंद कुपींत द्रव सोडला कीं आंतल्या हवेचा दाब वाढतो, आणि सुई निघतांना तोच दाब सूक्ष्म तुषार बाहेर फेकतो. नव्या साधनांत सुई पडद्यामागेंच राहते. वाढलेली हवा कांहीं जातींत एका फुग्यांत शिरते, तर कांहींत कोळशाच्या गाळणींतून बाहेर पडते. त्या साधनानें तीच क्रिया केली तेव्हां दिव्याखालीं कांहीं चमकलें नाहीं.

मी परीक्षक असल्यामुळें मला लगेच शंका आली. रंग थेंब दाखवील. पण वाफेचें काय? भाची हंसली. अमेरिकेंतील 'नायोश' या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनें २०१५ सालीं परीक्षेचा एक मसुदा काढला होता. त्यांत औषधाऐवजीं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, बंद पेटींतल्या हवेंत त्याचा अंश मोजावयाचा होता. पण ही प्रश्नपत्रिका फुग्याच्या जातीपुरतीच होती. दोन्ही जातींना लागू पडावी म्हणून २०१६ सालीं नऊ पर्यायी द्रव्यें सुचविणारा दुसरा मसुदा आला. विद्यार्थ्याआधीं प्रश्नपत्रिकेचीच परीक्षा व्हावी लागते, हा अनुभव मला नवा नाहीं.

हीं औषधें मुळांत विषाच्याच कुळांतलीं. युद्धांतल्या विषारी वायूचें भावंड असलेलें नायट्रोजन मस्टर्ड १९४२ सालीं येल येथें एका रुग्णाला देण्यांत आलें, आणि तेथून या उपचारांचा आरंभ झाला. त्यानंतर १९७९ सालीं फिनलंडमधील संशोधकांनीं 'लॅन्सेट'मध्यें लिहिलें कीं, अशीं औषधें हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवींत जनुकांत बदल घडविणाऱ्या द्रव्यांच्या खुणा आढळतात. औषध रोग्याला दिलेलें. खुणा देणारीच्या शरीरांत!

हें सर्व ऐकत माझी पत्नी दारांत उभी होती. अकरा वर्षांपूर्वीं हींच औषधें घेऊन ती बरी झाली. त्या रुग्णालयांत एक तरुण परिचारिका खिडकीपाशीं उभी राहून साध्या सुईनें औषध काढीत असे. एकदां पत्नीनें तिला विचारलें होतें, "तुझे हातमोजे कुठें आहेत ग?" "संपलेत, काकू," असें म्हणून ती हंसली होती. मीं मात्र सलाईनच्या थेंबांकडेच पाहत बसलों होतों. मला माझ्या माणसाची काळजी होती. दुसरें माणूस त्या खोलींत आहे, हें माझ्या ध्यानांतच नव्हतें.

पत्नी मेजावरच्या ठिपक्यांकडे पाहून हलकेच म्हणाली, "ती मुलगी दिवसाला किती कुप्या काढीत असेल हो?"

भाचीनें उत्तर दिलें नाहीं. मला तर तें देतांच येत नव्हतें. मीं साबण लावून दोनदां हात धुतले आणि पुन्हां दिव्याखालीं धरले. आंगठ्याच्या नखाच्या कडेला एक हिरवी रेघ उरलीच होती. पत्नीला घरीं आणावयाच्या दिवशीं त्या मुलीच्या तळहातावर मीं मोठ्या कृतज्ञतेनें पेढे ठेविले होते. तिनें ते तेथेंच, माझ्यासमोर, त्याच हातानें खाल्ले होते.