कवडशातली धूळ

मराठीच्या प्राध्यापकाने लेथवर लाकूड कातावे, हे आमच्या कॉलेजातल्या मंडळींना अजून पचलेले नाही. "शब्दांचा भुसा पाडून कंटाळलात वाटते," असे एका सहकाऱ्याने तोंडावर विचारलेही. पण चंद्रपुरात राहायचे आणि सागवानाच्या वासाला भुलायचे नाही, हे मला तरी जमले नाही. गडचिरोलीकडचा आलापल्लीचा साग, बल्लारपूरचा लाकूडडेपो, ही नावे आमच्या कानांवर लहानपणापासूनची. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली सागवान गेले ते इथूनच, आणि तेही वाजतगाजत. माझ्या वाट्याला येतो तो फर्निचरच्या दुकानात उरलेला हातभर तुकडा. त्याचे मी लाटणे करतो. अंगात फारच बळ आले तर फुलदाणी.

ही विद्या मला दिली पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. पलंगाचे पाय कातण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली.

लेथच्या कामाचे दोन भाग असतात. पटाशी चालते तोवर लांब, कुरळ्या ढलप्या निघतात. त्या बिचाऱ्या पायाशी पडतात आणि झाडूने गोळा होतात. मग येतो पॉलिश पेपर. आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. लाकूड तान्ह्या मुलाच्या गालासारखे मऊ होत जाते आणि त्यातून जे उडते त्याला भुसा म्हणवत नाही. ते पीठ असते.

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मागच्या सपरीत मी एक लाटणे घासत होतो. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अनारशांवर खसखस मी लावली आहे, सागवान कोणी लावले?" मी निमूटपणे मशीन बंद केले, आत जाऊन चहा घेतला, वर्तमानपत्र चाळले आणि अर्ध्या तासाने परत आलो. फुटक्या कौलातून कवडसा उतरला होता. कवडशाविषयी वर्गात मी आजवर पुष्कळ गोड बोललो आहे. त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले, की कवडसा दिसतो तो धुळीमुळे. अर्ध्या तासापूर्वीचे सागवान त्यात अजून निवांत पोहत होते! जाड भुसा खाली बसतो. अगदी बारीक कण हवेत तरंगत राहतो आणि छातीत खोलवर उतरतो तोही हाच.

त्याच आठवड्यात मिस्त्रींकडे गेलो, तर त्यांचा खोकला थांबेना. त्यांनी बिडीला कधी हात लावलेला नाही. "काम काय करता?" असे डॉक्टरांनी त्यांना दोनदा विचारले म्हणे. घरी येऊन मी पुस्तके उघडली. इंग्लंडात हाय विकम नावाचे खुर्च्या करणाऱ्यांचे गाव आहे. तिथल्या कारागिरांत नाकाचा एक विरळा कर्करोग जास्त आढळतो, हे १९६०च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. त्या रात्री मला माझ्या लाटण्याचा अभिमान वाटला नाही.

मग सुरू झाला आमचा यांत्रिक संसार. पहिला बळी कूलरचा पंखा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तो घरभर वादळ उठवतो. पण पाइपला जोडताच त्याचा जीव घुसमटला. मोकळ्या हवेत शूर, अडथळा आला की गार! दुसऱ्या खेपेला लोहाराच्या भट्टीचा जुना ब्लोअर आणला, त्याची ओढणारी बाजू पाइपला जोडली आणि फुंकणाऱ्या बाजूला जुन्या धोतराची पिशवी बांधली. जाड भुसा पिशवीत राहिला, बारीक पीठ धोतरातून गाळून पुन्हा सपरीत! धूळ गोळा करण्याऐवजी मी ती चाळून वाटत होतो.

तरीही पाइपाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धूळ जागची हलेना. उत्तर दिले दिवाळीच्या पणतीने. पणती हातभरावरून फुंकून विझवता येते. आत श्वास ओढून विझवून पाहा! फुंकर सरळ धावते, ओढ मात्र चहूबाजूंची हवा गोळा करते. चार इंची पाइपाच्या तोंडापासून चार इंचांवरच ओढीचा वेग सुमारे दहाव्या भागावर येतो. म्हणून तोंड लाकडाला अगदी भिडले पाहिजे.

तेलाचा डबा कापून मी पेटी केली आणि ती लेथच्या मागे, खालच्या अंगाला बसवली. कारण लाकूड वरून आपल्याकडे फिरत येते आणि खालून पलीकडे जाते. पेपर खालून धरला, की धूळ आपण होऊन पेटीत शिरते. मध्ये घट्ट झाकणाची बादली ठेवली. तीत हवा कडेने गरगर फिरते, जाड भुसा तळाशी पडतो. उरलेली बारीक धूळ ब्लोअरमार्फत भिंतीबाहेर, मागच्या मोकळ्या जागेत जाते. घासताना लेथची गती कमी ठेवतो, बादली रोज रिकामी करतो, पटाशीला धार लावताना ब्लोअर बंद ठेवतो. ठिणगी आणि हे पीठ यांची गाठ पडू नये. एवढे करूनही नाकावर चांगला मास्क असतोच.

यंदा तशीच दुसरी पेटी करून मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि हसले. "मले आता काय करायची जी, सर? चाळीस वर्षांचं पीठ छातीत गेलं. पोराच्या लेथले लावा."

त्यांचा नातू यंदाच हाताशी आला आहे. आम्ही दोघांनी पेटी बसवली. पोराने पलंगाचा एक पाय घासायला घेतला. मिस्त्री दाराशी स्टुलावर बसून छपराच्या भोकाखाली पाहत होते. बराच वेळ पाहत होते.

"सर," ते म्हणाले, "उन्हाची पट्टी दिसून नाही राहिली."