गाणं तिचं, कागद कुणाचा?

जळगाव,
गुरुवार

चि. बापूस,


परवा फोनवर तू विचारलंस, "अक्का, गाना म्हनीसन पोट भरस का?" तुझ्या दुकानात गर्दी होती, म्हणून मी "भरतं" एवढंच म्हणाले. आता सावकाश लिहिते. तुझी पोर गाण्यातच राहायचं म्हणते, तर बापाला पाच मिनिटांच्या फोनपेक्षा जास्त उत्तर मिळायला हवं.

भरतं, हे खरंच आहे. पण तुझा प्रश्न अर्धा आहे. तू धुळ्याच्या आग्रा रोडवरचा कापडवाला. धंद्यात पैसा आहे का, एवढंच विचारून तू कधी माल उचलला नाहीस. पैसा कुणाच्या हातात थांबतो, उधारी किती, कोणत्या महिन्यात गल्ला रिकामा, हे तू आधी बघतोस. गाण्यालाही तेच विचार. गाण्यात पैसा आपल्या खान्देशातसुद्धा भरपूर आहे. तो गळ्यापर्यंत पोचतो का, हा खरा मुद्दा.

आधी बँडवाल्यांकडे बघ. धुळ्या-जळगावात गाण्या-वाजवण्यावर ज्यांची चूल पेटते त्यांत हे लोक मोठ्या संख्येने आहेत, पण संगीतातलं करिअर म्हटलं की त्यांचं नाव कुणी घेत नाही. अखाजी झाली की दाट मुहूर्ताच्या दिवशी एका मालकाकडे तीन-तीन सुपाऱ्या येतात. तो एका ताफ्याचे दोन करतो आणि कालचं ढोल बांधायला शिकलेलं पोरगंही गाडीपुढे उभं राहतं. मालकाची डायरी कधी बघितली आहेस? तारीख, गाव, गाडी किती वाजता, इसार किती, बाकी किती. त्याखाली वाजवणाऱ्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे उचल. पावसाळ्यात, घरी आजारपण निघालं तेव्हा घेतलेली ती उचल उन्हाळ्यातल्या तारखांतून वळती होते. ट्रम्पेटवाल्याने वरात रडवली काय आणि नाचवली काय, त्याचा दर ठरलेला. चांगली कमाई मालकाची, कारण गाडी त्याची, स्पीकर त्याचे, पाटीवरचं नाव त्याचं. अर्थात गाडीचे हप्तेही त्याचेच, आणि तिथी कमी असलेल्या वर्षी हप्ता काही थांबत नाही.

चातुर्मास लागला की बँडची गाडी शेडमध्ये जाते आणि पखवाज बाहेर निघतो. सप्त्यांचे दिवस. गावोगाव कीर्तनकार लागतो, त्याच्यामागे मृदंग लागतो, चाली म्हणणारे लागतात. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे आणि तशाच इतर ठिकाणी शिकून आलेली आपल्याकडची कितीतरी पोरं आज मृदंगावर घर चालवतात. पाकीट लहान असतं, पण सप्ता सात दिवस चालतो आणि एका गावात हात चांगला बोलला की शेजारचं गाव वाट बघत असतं. मला या पोरांचं कौतुक आहे. इतकं नेमाने वाजवणारे लोक शहरातल्या मैफलीतसुद्धा कमी भेटतात.

आता शिकवणी, म्हणजे माझा धंदा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत सात पायऱ्या. पूर्वी मुलं आवडीने यायची किंवा आईच्या हौशीने. आता शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे दहावीत वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवीच्या मुलांच्या आया येऊन पहिल्या दिवशीच विचारतात, "मॅडम, दहावीपर्यंत किती परीक्षा बसतील?" रागाचं नाव नंतर. मी वाईट वाटून घेत नाही. त्या गुणांनी माझ्या खोलीचं भाडं निघतं, आणि दहातलं एखादं पोरगं गुणांसाठी येऊन यमनापाशी थांबतं. हिशोब सांगते: 40 मुलं, महिना 700 रुपये, म्हणजे 28,000. त्यातून मे महिना आणि दिवाळी वजा कर, दहावी झाल्याबरोबर गळणारी मुलं वजा कर, पेटीची दुरुस्ती आणि तबलजीचे पैसे वजा कर. उरतं ते तुझ्या दुकानातल्या जुन्या माणसाच्या पगाराहून बरं आहे. श्रीमंती नाही, पण महिन्याच्या महिन्याला येतं. गाण्यात महिन्याच्या महिन्याला येणारी वस्तू दुर्मीळ. म्हणून पोरीला विशारद पूर्ण करायला लाव. बाकी सगळं त्याच्या जिवावर करता येतं.

आपण जळगावकर बालगंधर्वांचा मोठा अभिमान सांगतो. लहानपणी ते इथे राहिले, मेहबूबखाँकडे पहिले धडे घेतले. गावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव होतो आणि मीही शाल पांघरून जाऊन बसते. पण त्यांच्या पैशांची गोष्ट त्या मंचावरून कुणी सांगत नाही. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्या काळात मराठी रंगभूमीवर त्यांच्याइतकी मागणी क्वचितच कुणाला असेल. पडदे, शालू, अत्तरं, पंगती, कशालाही हात आखडता नव्हता. 8 जुलै 1921 ला मुंबईत केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी संयुक्त 'मानापमान' केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. तिकिटांवर लोकांच्या उड्या पडल्या. आणि त्याच सुमाराला कंपनी कर्जात बुडालेली होती. कर्ज त्यांनी नाटकं करकरून, वर्षानुवर्षं राबून फेडलं, हे त्यांचं मोठेपण. पण पुढे मंडळीचे दिवस फिरले, 1935 ला प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले, ते काही त्यांना मानवलं नाही, आणि म्हातारपण ओढगस्तीत गेलं. त्यांच्या गळ्यात काही कमी होतं का? कमी होती ती वही. तू रोज रात्री दुकान बंद करताना जी लिहितोस तीच. थोरा-मोठ्यांबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण पोरीला त्यांचं गाणं शिकवायचं तर हेही सांगायला हवं.

दुसरी गोष्ट तुझ्याच जिल्ह्यातली. थाळनेर. तापीकाठचं ते गाव लताबाईंच्या आईचं माहेर; आजीकडून ऐकलेल्या गाण्यांच्या आठवणी त्या शेवटपर्यंत सांगत. मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी एकेकाळी जोरात होती, ती बुडाली. 24 एप्रिल 1942 ला ते गेले तेव्हा पाच भावंडांत थोरली लता, तेरावं चालू. त्याच वर्षी ती 'पहिली मंगळागौर'मध्ये तोंडाला रंग लावून उभी राहिली. ज्या घरात गाणं होतं आणि पैसा आला तसा गेला, त्या घरातली ती पोर. पुढे साठच्या दशकात तिने हट्ट धरला की गाणाऱ्याला एकदाच पैसे देऊन मोकळं होऊ नका, रेकॉर्ड विकली जाते तोवर त्याचा वाटा द्या. रफीसाहेबांचं म्हणणं होतं की निर्मात्याने ठरलेले पैसे दिले, व्यवहार संपला. यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. रफी देवमाणूस होते. पण या भांडणात मी थाळनेरच्या नातीच्या बाजूची आहे.

कायद्याला तिच्या बाजूला यायला 2012 उजाडलं. त्या वर्षीच्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. तो त्यांना वारसाला किंवा त्यांच्या वतीने वसुली करणाऱ्या संस्थेला देता येतो, कंपनीला लिहून देता येत नाही. गाणाऱ्यालाही कलावंत म्हणून रॉयल्टीचा हक्क मिळाला. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस 1969 पासून आहे, गायकांची इस्रा 2013 ला निघाली. पण सभासद झाल्याशिवाय तिथे कुणी तुझं नाव शोधत बसत नाही.

आता पोरीच्या हातात गाण्याच्या कराराचा जो कागद आला आहे त्याच्याकडे येते. अहिराणी गाण्यांचा बाजार आता केवढा झाला आहे हे तू माझ्यापेक्षा जास्त बघतोस. 'हाई झुमका वाली पोर' ज्यांना अहिराणीचं एक अक्षर कळत नाही त्यांच्याही लग्नात वाजलं. पण त्या बाजाराची रचना पुन्हा बँडसारखीच. यूट्यूबवर 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास बघणं झालं की चॅनेलला जाहिरातीचे पैसे सुरू होतात; व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के चॅनेलच्या मालकाला. मालकाला! गाणारीला स्टुडिओत जे हातावर ठेवलं तेवढंच, पुढचं सगळं कागदावर काय लिहिलंय त्यावर. तिला पाठवलेल्या कागदात म्हणे "सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी" असं वाक्य आहे. ते वाक्य फुकट लिहिलेलं नसतं. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. समोरच्याने ते दोन शब्द मुद्दाम भरले आहेत. ते खोडायला सांग, किंवा मुदत घालायला. आणि स्टेजवर हे गाणं गायला तिला कुणाची परवानगी लागू नये, हे स्वच्छ लिहून घे. खान्देशात गाणं चाललं की गाणारीचं खरं उत्पन्न हळदीच्या आणि जत्रेच्या तारखांतून येतं. स्वतःचंच गाणं गायची चोरी झाली तर मग राहिलं काय?

माझ्या ट्रंकेत एक जुनी कॅसेट आहे, गुलाबाईच्या गाण्यांची. आम्ही सहा जणी गायलो होतो, पोह्यांची प्लेट आणि साडीचोळी मिळाली. कव्हरवर निर्मात्याचं नाव ठळक, वादकांची नावं बारीक, आणि आम्ही सहा जणी "व साथी". कॅसेट पुढे जत्रेत, एसटी स्टँडवर कितीतरी वर्षं वाजत होती. पोरीचं नाव गाण्याखाली पूर्ण, आडनावासकट, आलं पाहिजे. पैशांच्या आधी मी ते मागेन.

नवं गाणं हवं असेल तर तिला आसोद्याच्या बहिणाबाईंकडे जाऊ दे. त्या निरक्षर, शेतात, जात्यावर म्हणत गेल्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवलं म्हणून 1951 ला त्या गेल्यावर 1952 ला पुस्तक निघालं. त्यांना स्वतःला एक दमडी मिळाली नाही. त्या पहिल्या आवृत्तीतल्या कवितांचे हक्क 2012 अखेर संपले. आज कुणीही त्यांना नवी चाल लावू शकतं. सिनेमातली जुनी चाल मात्र उचलायची नाही, तिचा हिशोब वेगळा. कानबाईची, अखाजीची पारंपरिक गाणीही कुणाच्या मालकीची नाहीत, पण पोरीने त्यांना केलेली मांडणी तिची. अशी पाच-सात गाणी तिने स्वतःच्या चॅनेलवर टाकली तर पहिली दोन वर्षं काही येणार नाही, हे आत्ताच मनात धर.

वहिनीची काळजी वेगळी आहे, मला कळते. रात्रीचे कार्यक्रम, परकं गाव, दारू प्यायलेले वऱ्हाडी. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम आहे, तो पाळणाऱ्या आयोजकाचीच तारीख घ्यायची. ठरलेला वाद्यवृंद, स्वतःची गाडी, निम्मे पैसे आधी, उरलेले शेवटच्या गाण्याच्या आधी. हे मी शिकवलेल्या मुलींना सांगते, आणि ज्या पाळतात त्या आजही गातात. लोक काय म्हणतील याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला तर लोक अजून म्हणतात.

एक बारीक गोष्ट, तुझ्या कामाची. लोकसंगीत किंवा शास्त्रीय संगीताच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. फिल्मी ऑर्केस्ट्राला ही सवलत नाही. मोठे आयोजक मानधनातून टीडीएस कापतात, विवरणपत्र भरलं नाही तर तो तिकडेच राहतो. तुझ्या सीएकडे तिची एक फाइल उघड. आणि म्हातारपणी सरकार काय देतं तेही ऐक: ज्येष्ठ कलाकारांना महिना 5,000 रुपये सन्मानधन. माझा अर्ज गेला आहे.

तर सही थांबव. कागदाचा फोटो आज रात्रीच पाठव, सगळ्या पानांचा, मागच्या बाजूसकट. आमच्या गल्लीत एक वकील आहेत, त्यांची नात माझ्याकडे शिकते, फी घेणार नाहीत. समोरचा "उद्याच रेकॉर्डिंग आहे, आजच सही हवी" म्हणाला तर पोरीला सांग, फुई जळगावहून येतेय, ती आल्यावर. रविवारी सकाळच्या गाडीने निघते. वहिनीला सांग, शेवभाजी कर, पण तिखट बेताचं.

तुझी,
अक्का