हसू ओळखताना

आपल्या भाषेत ‘तोंडदेखले हसणे’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. शिक्षकी पेशातील तीस वर्षांत मी तसे पुष्कळ हसलो. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांपुढे हसलो. मिस्सेत शांतीचे चिन्ह देताना, ज्याच्याशी अबोला होता त्या शेजाऱ्याकडे पाहूनही हसलो. दुसऱ्याचे खोटे हसू मात्र आपल्याला अचूक ओळखता येते, असा माझा समज होता.

या समजाला शास्त्राचा आधारही होता. द्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ साली लिहिले, की ओठांचे कोपरे इच्छेनुसार वर ओढता येतात. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदानेच आकसतो. सरावाने तेही अनेकांना साधते, असे पुढील संशोधकांना आढळले; पण माझी कसोटी डोळ्यांचीच राहिली.

काही वर्षांपूर्वी हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत माझ्या पत्नीला उन्हाने भोवळ आली. वाटेकडेच्या झाडाखाली बसलेल्या एका वृद्धेने सरकून तिला आपल्या सतरंजीवर जागा दिली, तांब्यातले पाणी पाजले आणि ती हसली. ओठ किंचित फाकले. डोळे मात्र तसेच, ताठ उघडे. हिला पैसे हवे असणार, असे मनाशी ठरवून मी हसतच दहाची नोट पुढे केली.

“पान्याचे पैसे घेत्यात व्हय, दादा?” तिने नोट परत सारली.

परतताना आमच्यासोबतच्या निवृत्त परिचारिकाबाई म्हणाल्या, “मावशींना पूर्वी कुष्ठरोग झालेला दिसतो. औषधाने रोग बरा होतो, पण चेहऱ्याची निकामी झालेली नस बहुधा पूर्ववत होत नाही. ज्या स्नायूने पापणी मिटते, त्यानेच हसताना डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. त्यांना झोपेतही डोळे पुरते मिटता येत नसतील.”

मी निरुत्तर झालो. द्युशेनने आपल्या प्रयोगांसाठी संवेदना गेलेल्या चेहऱ्याचा एक वृद्ध निवडला होता आणि विजेच्या झटक्याने त्याच्या मुखावर हसू उमटविले होते, हे मी वाचले होते. आनंदाविना हसू उमटू शकते, तसा आनंद असूनही ते डोळ्यांत उमटू शकत नाही, हा विचार मात्र मला कधी शिवला नव्हता. त्या झाडाखाली तोंडदेखले हसलो होतो तो मीच.

पुढच्या रविवारी शेजाऱ्याने माझ्याकडे पाहून हात जोडले व तो हसला. त्याच्या डोळ्यांच्या कडा मी तपासल्या नाहीत. मिस्सा संपल्यावर मीच त्याच्याकडे गेलो.