गाव कुठलं?

दापोडीत दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच, ‘गाव कुठलं?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. उत्तर सातारा, बीड, लातूर आलं तर पाहुण्यांची ओळख निघते, रात्रीच्या एसटीचा विषय निघतो. जौनपूर आलं की ‘अच्छा’ म्हणून माणूस मोबाइल काढतो.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाला हे उत्तर द्यावं लागतं. वय सोळा, जन्म इथलाच, जौनपूर पाहिलेलं दोनदा. तिथले चुलतभाऊ त्याच्या हिंदीला हसतात, ‘मेरे को’ म्हणतो म्हणून त्याला बंबइया म्हणतात. इथं तो भैय्या. त्याचं मराठी माझ्यापेक्षा अस्सल दापोडीचं आहे. ‘काका, विषय हार्ड’ हे त्यानं शिकवलं तेव्हा मला कळलं.

खरं तर हे गाव बाहेरच्यांनीच भरलं. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत रेल्वे आली. नदीपलीकडे खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, अलीकडे एसटीचं मध्यवर्ती वर्कशॉप आलं, पुढं भोसरीची एमआयडीसी. माझे वडील साताऱ्याकडून वर्कशॉपात फिटर म्हणून आले, त्याचे वडील जौनपूरकडून भोसरीत लेथवर. कारण एकच, घरची शेती पुरेना. माझ्या वडिलांना ‘परत जा’ असं कुणी कधी म्हटलं नाही.

त्याच्या वडिलांनी ते २००८च्या फेब्रुवारीत ऐकलं. उत्तर भारतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं आणि नाशिक-पुण्याहून गाड्या भरभरून माणसं निघाली. ते गेले नाहीत; चार दिवस खोलीला आतून कडी लावून बसले. मुलगा जन्मला त्याच्या पुढच्या वर्षी. २०२०च्या मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हाही ते थांबले. तेव्हा मात्र जवळपास हुसकावणारं कुणी नव्हतं, फक्त काम नव्हतं.

‘परत जा’ हे वाक्य जगभर त्यांनाच ऐकावं लागतं ज्यांना परत जायला काही नसतं. १९३०च्या मंदीत अमेरिकेतून लाखो मेक्सिकन वंशाची माणसं मेक्सिकोत पाठवली गेली. त्यात अमेरिकेतच जन्मलेली, त्या देशाची नागरिक असलेली मुलंही होती. पुढं मार्च १९६८मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतली त्यांच्यासारखीच हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची, आणि पुस्तकांत त्यांच्या आजोबा-पणजोबांचा पत्ता नसायचा. साल कास्त्रो नावाचे शिक्षक मुलांच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. आमच्याकडं अशी शाळा नाही, असं मला म्हणायला आवडेल. शिक्षा नाही, हे खरं. पण वर्गातली मस्करी हजेरीपटावर लागत नाही.

त्या मस्करीचं एक तंत्र आहे. गणपतीआधी नदीकाठी ढोलपथकाचा सराव सुरू झाला की ‘ए भैय्या, ढोल उचल’ अशी हाक येते. हाकेत माया असतेच, ती मी नाकारत नाही. हाच मुलगा तापानं पडला तेव्हा पथकातली चारजणं आळीपाळीनं दवाखान्यात बसली होती. पण मस्करीला रागावणारा पोरगा मंडळात टिकत नाही. म्हणून तो हसतो, आणि सगळ्यांच्या आधी हसतो.

त्याचा जिगरी दोस्त लातूरकडच्या बौद्ध कुटुंबातला. १४ एप्रिलला दोघं पिंपरीच्या आंबेडकर पुतळ्यापाशी एकाच मोटारसायकलवर जातात. छठपूजेला तोच दोस्त मोशीच्या इंद्रायणी घाटावर जाणाऱ्या टेम्पोत ऊस धरून बसतो आणि अर्घ्याआधीच ठेकुआ मागून मार खातो. रस्त्यानं त्या दोघांचा निकाल कधीच लावून टाकलाय.

कागदानं तो यंदा फिरवला. दहावीनंतर दोघं जातीच्या दाखल्याला ई-सेवा केंद्रात गेले. दोस्ताचा अर्ज लागला. हा उत्तर प्रदेशात अनुसूचित जातीतला, जाटव. महाराष्ट्रात मात्र १० ऑगस्ट १९५०चा पुरावा लागतो. त्यानंतर आलेल्यांच्या मुलांना दाखला वडिलांच्या मूळ राज्यावरून मिळतो, इथल्या राज्याच्या सवलतींना तो चालत नाही. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठरवलं. तेव्हा दाद मागणारा विद्यार्थी आंध्रात जन्मून नवव्या वर्षी मुंबईत आला होता आणि त्याला वैद्यकीयची जागा हवी होती. युक्तिवाद मला समजतो: एका राज्यात जी जात पिचलेली, ती दुसऱ्या राज्यात तशीच असेल असं नाही. पण या पोराला जात पाठीमागून यायची थांबली नाही, गल्लीतल्या दोन घरांत त्याच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा निघतो. न चालणारी गोष्ट एकच, तिचा दाखला.

खिडकीवर दोस्तच जास्त भांडला. हा म्हणाला, ‘चल ना, ओपनमधून भरू.’

भरलाय. औंधचं आयटीआय, ट्रेड टर्नर. ‘बापाचंच काम?’ मी विचारलं. ‘पप्पांना ड्रॉइंग वाचता येत नाही, काका. सुपरवायझर वाचून दाखवतो. मला वाचायचंय.’ यादी अजून लागायचीय. तोवर दोघं मंडळाची वर्गणी मागत फिरतात. पावती हाच फाडतो, कारण दोस्ताचं मराठी अक्षर खजिनदाराला लागत नाही. परवा माझ्याकडं आले तेव्हा मी दोनशे दिले. त्यानं पावतीवर आधीच पाचशे लिहून ठेवले होते.