एकशे बत्तीसची बेरीज

चि. मृण्मयी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

सहा सत्रांच्या श्रेयांकांचा तक्ता पोहोचला आणि त्याखालचे ‘१३२ भरले, म्हणजे पदवी झाली, आता कोणी काही विचारू नये’ हे वाक्यही पोहोचले. बेरीज बिनचूक आहे. अक्षर मात्र आजोबांच्या वळणावर चालले आहे. परंतु थोरल्या दादानेही एकदा नेमके असेच बजावले होते आणि पुढे काय निस्तरावे लागले ते घरात सर्वांना ठाऊक असल्यामुळे, न विचारण्याची ही आज्ञा पाळणे शक्य नाही.

श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, हे अध्यापनाच्या कालावधीचे माप असून सर्वसाधारणपणे व्याख्यानांचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकांचे ३० तास यांमागे, विषयात उत्तीर्ण झाल्यावर, एक श्रेयांक मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक ठरवलेले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २०२३ च्या शासननिर्णयांनी दर सत्राला २० ते २२ श्रेयांक धरल्यामुळे तीन वर्षांची बेरीज १२० ते १३२ होते. तथापि पदवी बेरजेवर मिळत नाही, ती रकान्यांवर मिळते. मेजर हा मुख्य विषय, मायनर हा त्याच्या जोडीचा दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह हा दुसऱ्या विद्याशाखेतून निवडण्याचा विषय, त्याखेरीज कौशल्य, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव देणारे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, अशा प्रत्येक रकान्याची स्वतंत्र मर्यादा असते, आणि एका रकान्यातील शिल्लक दुसऱ्यातील तूट भरून काढत नाही.

तक्त्यातील तिसऱ्या सत्राची ओळ या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तेथे हिरव्या शाईने ‘ओपन इलेक्टिव्ह : औषधी वनस्पती, स्वयम्, २’ असे लिहिले आहे. मेजर वनस्पतिशास्त्र असताना हा विषय विज्ञान शाखेतलाच ठरतो आणि राज्याच्या नियमानुसार ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचे असणे सक्तीचे आहे. म्हणजे बेरीज १३२ दिसली तरी तो रकाना दोन श्रेयांकांनी रिकामा राहतो. शिवाय ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावरील अभ्यासक्रम एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरता येत असले, तरी त्यांना महाविद्यालयाची आधी मान्यता लागते आणि अंतिम परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. विभागप्रमुखांना विचारले असते तर हे पाच मिनिटांत उलगडले असते. पण विचारण्यात कमीपणा मानण्याचा गुण मृण्मयीच्या आजोळचा असल्याने त्यावर अधिक न लिहिणे बरे.

मूळ आक्षेप मात्र याहून मोठा आहे आणि तो तिने विचारलेला नसला तरी नोंदवणे भाग आहे. तासांवर शिक्षण मोजण्याची ही रीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत दृढ झाली, ती कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेत सामील होणाऱ्या संस्थांना प्रमाणित मापाची अट घातल्यामुळे. विद्यार्थ्याला किती समजले हा प्रश्न त्या मापात कधीच नव्हता. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि प्रत्येकामागे धरलेल्या २५ ते ३० तासांत विद्यार्थ्याचे स्वतःचे वाचनही मोजले जाते. आपल्याकडील १५ तास हे शिक्षकाच्या व्याख्यानाचे तास आहेत; विद्यार्थ्याने एखादे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे, न समजलेले पुन्हा उघडावे, यासाठी मांडणीत जागा नाही आणि ती ज्याची त्यानेच राखावी लागते. दोन श्रेयांकांचे विषय तीस व्याख्यानांत उरकतात. असे तुकडे गोळा करणाऱ्याची गुणपत्रिका भरते आणि विषय कोराच राहतो. आठवीत झाडांची पाने वहीत दाबून त्यांची नावे स्वतः शोधणाऱ्या मुलीला हे सांगावे लागते, याचेच वाईट वाटते.

त्यातच तक्त्याच्या समासात ‘सायं. ५ ते ९, काम’ असे बारीक अक्षरात आढळले. सोळा श्रेयांकांची व्याख्याने आणि सहांची प्रात्यक्षिके धरली तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला २८ तास वर्गातच जातात. त्यात सहा दिवसांचे २४ तास मिळवले की ५२ होतात आणि अभ्यास, जेवणखाण, झोप यांचा हिशेब अद्याप सुरूही झालेला नसतो. हे काम कसले, कोणाकडे आणि परतताना सोबत कोण असते, याचा उल्लेख कोठेही नाही.

चौथ्या सत्राशेजारी पेन्सिलीने लिहिलेले ‘बाहेर?’ हे तर सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. दुसऱ्या वर्षाअखेर किमान ८० श्रेयांक आणि व्यावसायिक कौशल्याचे जादा ४ मिळवून पदविका घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परतता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते, हे नियमात आहे. मिळवलेले श्रेयांक ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या २०२१ च्या व्यवस्थेत नोंदलेले राहतात, हेही खरे. परंतु श्रेयांक सांभाळले जातात म्हणून सवय सांभाळली जात नाही, आणि परतायचे ठरवून गेलेली माणसे घराच्या अडचणींत कशी गुंतून पडतात हे थोरल्या दादाकडे पाहून कळावे. तो पर्याय नाइलाज झालेल्यांसाठी आहे. मृण्मयीवर असा कोणता नाइलाज आला, हे तक्ता सांगत नाही.

मात्र संध्याकाळचे काम आणि हे ‘बाहेर?’ एकत्र पाहिले की अंदाज पैशाच्या अडचणीचाच येतो. तेव्हा श्रेयांकांचे पुढे पाहता येईल. आधी फीची थकलेली रक्कम, भरण्याची शेवटची तारीख आणि वसतिगृहाचे देणे तिने मामाला स्पष्ट आकड्यांत कळवावे. ताईला यातले अद्याप काही सांगितलेले नाही. उत्तर आठवड्यात आले नाही, तर मात्र सांगावे लागेल.