खाऱ्या पाण्याची सबब

समुद्रासाठी म्हणून विकलेलं अवजार समुद्रात वापरलं, म्हणून वॉरंटी रद्द. हे उत्तर मला एका दुकानाने लेखी दिलं आहे. आज इतक्या काळानंतरही ते आठवलं की संताप येतो. जाहिरातीतल्या फोटोत हेच स्कूप फेसाळत्या लाटेत रोवून ठेवलेलं होतं आणि खाली ‘समुद्रकिनाऱ्यासाठी खास’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

मी न्यू जर्सीत राहते, फार्मसीत काम करते आणि सुटीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर जाते. बेलमार, ॲसबरी पार्क, लाँग ब्रँच हा माझा पट्टा. प्रत्येक गावाचे नियम वेगळे असतात, ते आधी विचारून घ्यावे लागतात. सँडी हुकला तर डिटेक्टर न्यायचाच नाही, कारण ती जागा राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याकडे आहे. डिटेक्टर आवाज देतो, पण वाळूतून वस्तू वर काढायला स्कूप लागतं. स्कूप म्हणजे भोकाभोकांचं स्टेनलेसचं भांडं आणि त्याला लांब दांडा. आवाजाच्या जरा मागे भांडं रोवायचं, पायाने दाबायचं आणि दांडा मागे ओढून वाळू उपसायची. पाण्यात उभं राहून हे करताना सगळा जोर एकाच ठिकाणी येतो, दांडा भांड्याला जिथे जोडलेला असतो तिथे.

एका संध्याकाळी नाशिकहून नव्यानेच आलेल्या एका मुलीचं मंगळसूत्र लाटेत गेलं. सासूबाई काठावर वाळूत बसून होत्या, नवरा कंबरभर पाण्यात हातांनी चाचपत होता. ओळखीतून फोन आला आणि मी गेले. बारीक सोन्याची साखळी डिटेक्टरला जवळजवळ सापडतच नाही, कारण त्याच्या लेखी प्रत्येक कडी सुटी असते. मंगळसूत्राचं तसं नाही. त्याला वाट्या असतात, आणि वाटी म्हणजे सलग पत्रा. म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, “वाट्या आहेत ना? मग आशा आहे.” भरती लागलेली होती. बऱ्याच वेळाने एका जागी आवाज आला, स्थिर, दोन्ही बाजूंनी सारखा. मी स्कूप रोवलं, पाय दिला, दांडा ओढला. कट्कन आवाज झाला आणि नुसती नळी माझ्या हातात आली.

भांडं खाली राहिलं. ते शोधेपर्यंत पुढची लाट आली, त्यापुढची आली, तळाची वाळू हलली. भांडं मिळालं, पण तो आवाज काही पुन्हा मिळाला नाही. अंधार पडला. मुलगी “काकू, जाऊ द्या आता” म्हणत होती आणि सासूबाई काहीच बोलत नव्हत्या. नंतर ओहोटीच्या वेळा पाहून मी तिथे पुन्हा पुन्हा गेले. मंगळसूत्र मिळालं नाही.

घरी येऊन मोडलेली जागा दिव्याखाली धरली. नळी ॲल्युमिनियमची, एक इंच जाडीची. ती स्टेनलेसच्या खोबणीत घालून दोन स्टेनलेस बोल्टांनी आवळलेली होती. खोबणीच्या आत तांदळाच्या पिठासारखी पांढरी भुकटी साचली होती. हे ॲल्युमिनियमचं गंजणं. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला कमी उदात्त धातू झिजतो. इथे तो ॲल्युमिनियम. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे वीज वाहायला अडचणच नाही. बोटींच्या धंद्यातल्या कोणालाही हे माहीत असतं. दोन धातूंच्या मध्ये प्लॅस्टिकची एक बाही घातली असती किंवा गंजरोधक मलम लावलं असतं, तर हे सगळं बरंच लांबलं असतं.

पण मला जास्त चीड आली ती बोल्टांच्या दिशेची. बोल्ट समोरून मागे आरपार गेले होते. दांडा ओढताना एका बाजूला ताण पडतो, विरुद्ध बाजूला दाब पडतो, आणि डाव्या-उजव्या कुशीला जवळजवळ काहीच पडत नाही. भोक पाडायचंच तर ते कुशीत पाडायचं. यांनी ते नेमकं जास्तीत जास्त ताणाच्या जागी पाडलं, तेही खोबणीच्या तोंडाशी. नळी वरच्या भोकातूनच फाटली होती. ड्रिलच्या बिटाला कुठलीही दिशा सारखीच. बोल्ट आडवे घालायला एक पैसाही जादा लागला नसता. हे मी आजही कोणाशी बोलायला लागले की घरचे उठून जातात, पण मला हे सोडवतच नाही. ज्याने हे बनवलं त्याने ते घेऊन एकदा तरी पाण्यात उभं राहायचं होतं.

मी दुकानाला फोटो पाठवले आणि सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं: खाऱ्या पाण्याशी संपर्क आल्यामुळे झालेली झीज वॉरंटीत येत नाही. मी पुन्हा लिहिलं, मग किनाऱ्यासाठी म्हणून विकता कशाला? त्यावर उत्तर आलं की वापरानंतर गोड्या पाण्याने धुणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. मी प्रत्येक वेळी धूत होते. पण खोबणीच्या आत पाणी पोचवायचं कसं? बोल्टांना रिव्हेटसारखी डोकी ठोकलेली होती, ते उघडताच येत नव्हते. हेही लिहिलं. मग सवलतीचं कूपन आलं, त्याच स्कूपवर. वस्तू ज्या नेहमीच्या कामासाठी विकली जाते त्या कामाला ती लायक असावी, हे इथल्या व्यापारी कायद्यात न लिहिताही गृहीत धरलेलं असतं. पण एका दांड्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, हे त्यांनाही ठाऊक असतं. औषधाच्या बाटलीवर आम्ही ‘पोटात घेण्यासाठी’ लिहायचं आणि पोटात घेतलं म्हणून जबाबदारी नाकारायची, असं एक दिवस तरी चालेल का?

तेव्हा ठरवलं की भांडं तेच ठेवायचं आणि दांडा आपण करायचा.

पीव्हीसीचा पाइप स्वस्त म्हणून आधी तो हाताळून पाहिला. तो वाकतो, आणि थंडीत ठिसूळ होतो. इथे खरा शोध तर हिवाळ्यातल्या वादळांनंतरच असतो, कारण तेव्हा समुद्र वरची वाळू ओढून नेतो. विजेच्या तारांसाठी असते ती जस्त चढवलेली नळी पातळ असते, आणि जस्त संपलं की खाली साधं पोलाद उरतं. काचतंतूचा दांडा गंजत नाही, पण उन्हाने वरचं राळेचं आवरण झडतं आणि तंतू तळहातात रुततात. कार्बन फायबरचा दांडा एका ओळखीच्या गृहस्थांकडे पाहिला. उचलला तेव्हा हातात काही आहे असं वाटेना, इतका हलका. पण तो क्लॅम्पमध्ये जास्त आवळला तर आतून चिरडतो आणि बाहेरून काही दिसत नाही. त्याला ॲल्युमिनियमचा सांधा दिला तर दुखणं वाढतं, कारण त्या जोडीत कार्बन स्टेनलेसइतकाच, किंबहुना जास्त, वाईट. अखंड स्टेनलेसची नळी सगळ्यात भरवशाची, पण ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड. दिवसभर एका हातात डिटेक्टर आणि दुसऱ्या हातात ती, हे माझ्या मनगटाला झेपत नाही.

वेंगुर्ल्याकडे माझा भाऊ शेती करतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताय, दांडो मोडणा नाय, जोड मोडता.” आमच्याकडे कुदळीचा दांडा धामणीचा असतो. धामणीचं लाकूड चिवट, झटका सोसणारं. त्याला बोल्ट नाही की खिळा नाही. दांडा एका टोकाला जाड असतो, तो कुदळीच्या नेढ्यातून ओढून घेतात, आणि घाव पडेल तसा तो जास्तच घट्ट बसतो. भाऊ म्हणाला, माणग्याची काठी पाठवू का? माणगा म्हणजे आमच्याकडचा जवळजवळ भरीव बांबू, बुंध्याकडे तर आत पोकळी नसतेच म्हटलं तरी चालेल. मन फार ओढ घेत होतं. पण लांबलचक काठी विमानातून आणायची आणि इथल्या शेतीखात्याच्या तपासणीतून सोडवायची, हे जमणारं नव्हतं.

इथे धामणीची जागा ॲश आणि हिकरी ही झाडं घेतात. ॲश पूर्वी मुबलक होतं, बेसबॉलच्या बॅटी त्याच्याच होत. 2002 साली मिशिगनमध्ये एक हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला, तो आशियातून आलेला. त्याच्या अळ्यांनी तेव्हापासून कोट्यवधी ॲश मारले आणि न्यू जर्सीतलेही उभे वाळताना मी पाहिले आहेत. मी हिकरी घेतलं. दुकानात फावड्याचे सुटे दांडे मिळतात, त्यांतून निवडलं. दीड इंच जाडीचा भरीव लाकडी दांडा त्या पातळ नळीपेक्षा कितीतरी जास्त जोर सहन करतो, कारण भरीव दांड्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

एका वेल्डरकडून भांड्याला स्टेनलेसची वीतभर लांब खोबणी करून घेतली, तोंडाशी रुंद आणि खाली निमुळती, म्हणजे दांडा दाबला की बसतोच. तळाला पाणी निचरायला भोक ठेवलं. लाकूड खाऱ्या पाण्याने कुजत नाही, ते कुजतं ते कोंडलेल्या ओलीने. एकच बोल्ट घातला, आडवा, खोबणीच्या तळाशी, आणि तो पान्याने उघडतो. दांडा जवसाच्या तेलाने तीन-चारदा मुरवला. त्या तेलाची चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेते. उघडी पसरून वाळवा.

हा दांडा अजून आहे. खडकात अडकला, एकदा माझा पूर्ण भार त्याच्यावर आला, तरी हू की चू नाही. लाकूड म्हणजे मागासलेपणा असं मानणारे लोक किनाऱ्यावर भेटतात, त्यांना मी सरळ सांगते की एकदा वापरून पाहा.

तरीही खरं सांगायचं तर कोरड्या वाळूसाठी मी आता एक हलकं स्कूप वापरते, त्याचा दांडा ॲल्युमिनियमचाच आहे. जाड नळी, मध्ये प्लॅस्टिकची बाही, बोल्ट आडवे. काही तक्रार नाही. ॲल्युमिनियमवर इतका राग धरण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कधी वाटतं, त्या संध्याकाळचा आवाजही कदाचित वाट्यांचा नसेल. सोनं आणि कॅनची चावी डिटेक्टरला सारखीच वाटू शकतात. पण लगेच वाटतं, नाही, तो आवाज फार स्वच्छ होता. ती मुलगी आता टेक्ससला असते. मी तिला हे कधी बोलले नाही.

तुम्ही दांडा करायला घ्याल तेव्हा टोकाकडून बघा. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने सरळ धावायला हव्यात. मध्येच कुशीतून बाहेर पडणारी रेष दिसली की तो परत ठेवा, कारण तो तिथेच चिरणार. गाठ असलेला घेऊ नका. आणि रंग चढवलेला तर मुळीच घेऊ नका, कारण रंगाखाली रेषा दिसत नाहीत.