पाच मिनिटांची युक्ती

नुकतेच सुरू झालेले संगणकयंत्र काळाच्या बाबतीत अगदी अजाण असते. बटण दाबताच पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उमटते खरी, पण ती उसनी आणलेली असते. यंत्रात लहानशा बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. कर्नल, म्हणजे सर्व आज्ञावलींच्या तळाशी असणारा गाभा, जागा होताना त्या घड्याळाला तारीख आणि वेळ एकदा विचारून घेतो. पुढचा हिशोब त्याचा तोच ठेवतो.

हा हिशोब कसा चालतो ते आम्हांला आमच्या भाच्याने समजावून सांगितले. तो बंगळुरूस याच विषयात काम करतो आणि दिवाळीत ग्वाल्हेरला आला की आमच्या शंकांना कंटाळत नाही. ऐकताना आम्हांला जुन्या लग्नघरांतील घटिकापात्र आठवले. तळाला बारीक छिद्र असलेली ती वाटी घंगाळातील पाण्यावर सोडीत. २४ मिनिटांत ती भरून बुडे. मग भटजी ती रिकामी करून पुन्हा सोडीत आणि किती घटिका झाल्या याची खूण ठेवीत. कर्नल हेच करतो, मात्र त्याची घटिका फारच इवलीशी. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थिदशेत लिहावयास घेतलेल्या लिनक्स प्रणालीत ती आरंभी सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी होती. तिला जिफी म्हणतात. आपण निमिष म्हणू. प्रत्येक निमिषाला गणकातील आकडा एकाने वाढतो.

दोष होता तो येथे. ३२ बिटांच्या गणकात ४,२९,४९,६७,२९५ हा सर्वांत मोठा आकडा मावतो. त्यानंतर मोटारीच्या मीटरप्रमाणे पुन्हा शून्य. सेकंदाला शंभर या वेगाने गणक भरण्यास सुमारे ४९७ दिवस, म्हणजे सोळा महिने लागतात. आता असे समजा की बारा वाजून पन्नास मिनिटे झाली आहेत आणि वीस मिनिटांनी दूध उतरवायचे आहे. ती वेळ एक वाजून दहा मिनिटांची. एक हा आकडा बारापेक्षा लहान, तेव्हा ती वेळ होऊनही गेली, असे कोणी म्हटले तर आपण हसू. पण दोन आकड्यांतील मोठा कोणता एवढेच पाहणारी आज्ञावली गणक उलटताना नेमके हेच म्हणे. कोठे काम वेळेआधी उरकले जाई, तर कोठे यंत्र उगीच वाट पाहत राही.

हा दोष एकट्या लिनक्सचा नव्हे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सहस्रांश सेकंद मोजणारा गणक ४९.७ दिवसांनी भरे आणि यंत्र थिजे. १९९५ साली बाजारात आलेल्या प्रणालीतील ही गोष्ट उघड झाली १९९९ साली, कारण तेवढे दिवस सलग चालणारे यंत्रच विरळा.

उपाय अवघड नव्हता. आकडा लहान की मोठा हे न पाहता दोहोंची वजाबाकी करायची आणि ठरलेला क्षण पुढे आहे की मागे एवढे पाहायचे. “मामा, दुरुस्ती सोपी होती,” भाचा म्हणाला, “पण हजारो फायलींतून ही चूक कुठे कुठे दडली आहे ते कसं कळणार? सोळा महिने मशीन चालू ठेवून कोण बघत बसणार तुम्हीच सांगा.”

तेव्हा त्या मंडळींनी एक युक्ती केली. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत यंत्र सुरू होताना गणक शून्यावर ठेवलाच नाही. तो भरण्यास बरोबर पाच मिनिटे उरतील अशा आकड्यावर ठेवला. जो दोष सोळा महिन्यांनी कोणा परक्याच्या कार्यालयात प्रकटला असता, तो आता पाचव्या मिनिटाला, आज्ञावली लिहिणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर प्रकटू लागला.

हे ऐकून आम्ही बराच वेळ गप्प होतो. आमच्या सेवाकाळातील एक फाइल डोळ्यांपुढे आली होती. एका मराठी शिपायाची विधवा कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी खेटे घालीत होती. सेवेच्या आरंभी सेवापुस्तिकेत तिचे माहेरचे नाव लिहिले गेले होते, बाकी कागदांवर सासरचे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल. इकडच्या हिंदी भाषक कारकुनाच्या लेखी त्या दोन निराळ्या स्त्रिया. फाइल आमच्या टेबलावर आली तेव्हा चौदा महिने उलटले होते. अखेर ट्रंकेच्या तळाशी सापडलेली लग्नपत्रिका, तिचे हिंदी भाषांतर आणि दोन शपथपत्रे जोडून ते प्रकरण सुटले. नोंद करणारा लिपिक केव्हाच निवृत्त झाला होता आणि खुलासा करू शकणारा नवरा तर उरलाच नव्हता. चूक पहिल्या दिवसाची, पण ती उलटली तीस वर्षांनी, आणि तीही सर्वांत असहाय माणसावर.

भाचा परत गेल्यावर आम्ही आमचा पेन्शनचा आदेश, बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड शेजारी शेजारी मांडून बसलो. आपण आजच गेलो आहोत आणि पत्नी एकटीच खिडकीशी उभी आहे, असे मनात धरून एकेक ओळ ताडून पाहिली. तिला हे अभद्र वाटले. तरी चष्मा लावून तीही बसली. आदेशात तिच्या जन्मवर्षाचा एक आकडा चुकीचा टंकलेला निघाला. अर्ज केला, दोनदा आठवण दिली आणि तिसऱ्या महिन्यात दुरुस्त आदेश हाती आला.

आपल्या मंडळातील बहुतेक घरांत असे कागद आहेत आणि बहुतेक घरांत दोन-दोन नावांच्या स्त्रिया आहेत. खुलासा करणारे दोघेही समोर आहेत तोवर ते कागद एकदा काढून, जोडीने बसून वाचावेत, एवढीच वाचकांस विनंती.